विचारा ताईंना : दारावरचा हिरवा रीथ

प्रश्न : ताई, लग्न होऊन मी इंग्लंडमध्ये यॉर्कशरला आले. सासूबाई दर नाताळला रानातला पाला आणून रीथ, म्हणजे दारावर टांगायचं पानांचं गोल कडं, करायच्या. त्या गेल्यापासून दारावर प्लास्टिकचा लागतो. यंदा मी करून पाहिला, तर पानं लगेच वाळली.

उत्तर : अगं, घरात लावला असशील! हीटरपुढे कुठला पाला टिकणार? दाराबाहेर लाव, थंडीत तीन-चार आठवडे राहतो. फांद्या आदल्या रात्री बादलीत उभ्या कर. विलोच्या झाडाच्या ओल्या डहाळ्यांचं कडं वळव, त्यावर ओलं शेवाळ तारेने आवळ. मग काटेरी पानांची हॉली, आयव्हीची वेल, सुईसारख्या पानांचं फर यांच्या वीतभर जुड्या बांधत जा. एकीचे देठ दुसरीच्या पानांखाली झाकायचे, वेणी गुंफतो तसे. हॉलीची लाल फळं मादी झाडालाच येतात. पक्ष्यांनी फस्त करायच्या आत तोड, पण सगळी नको, त्यांनाही हिवाळा काढायचाय. यू नावाच्या झाडाच्या वाटेला जाऊ नकोस, पानं-बिया विषारी. पोर किंवा कुत्रं असेल तर हॉलीची फळंही उंचावरच बरी. दुसऱ्याच्या कुंपणातलं विचारून घे. आणि नवऱ्याला सोबत ने, आई कुठल्या झुडपाकडे वळायची ते त्यालाच ठाऊक असणार.