लेकीला अवकाशातल्या कचऱ्याचा माग काढायचाय, शिकवू का?

तासगाव तालुक्यातल्या एका पालकांचं पत्र आलंय. थोडक्यात असं: "आमची द्राक्षबाग आहे, बेदाणा करतो. मुलगी अकरावी सायन्सला, एसटीनं रोज सांगलीला ये-जा करते. पृथ्वीभोवती फिरणारा उपग्रहांचा कचरा दुर्बिणीतून शोधायचं काम करणार म्हणते. संध्याकाळी गच्चीवर उभी राहून उपग्रह दिसल्याची वेळ वहीत लिहिते. ॲपमधल्या वेळेत आणि तिच्या वेळेत काही सेकंदांचा फरक पडला की त्यावरच विचार करत बसते. यात नोकरी असते का? इंजिनिअरिंगला घालू की बीएस्सीला? बेदाण्याचे पैसे आले की 60 हजारांची दुर्बीण घेऊन देऊ का? आणि रात्रभर डोंगरावर बसायचं काम पोरीला जमेल का?"

नमस्कार. तुमच्या चारही प्रश्नांकडे येतो, पण आधी त्या काही सेकंदांविषयी. तुम्ही ते जाता जाता लिहिलंय. मला मात्र तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच वाटली, कारण हे क्षेत्र त्या फरकावरच चालतं.

दुर्बिणीच्या कॅमेऱ्यानं काही सेकंदांचा फोटो घेतला की तारे ठिपक्यांसारखे येतात आणि जवळच्या कक्षेतली वस्तू रेघ ओढून जाते. रेघेची टोकं कोणत्या ताऱ्यांजवळ आहेत यावरून दिशा कळते आणि घड्याळावरून वेळ. अशी बरीच निरीक्षणं जमली की कक्षेचं गणित मांडता येतं. जवळच्या कक्षेत वस्तू सेकंदाला साधारण साडेसात किलोमीटर धावते, म्हणजे वेळ नोंदवताना सेकंदाच्या दहाव्या भागाची चूक झाली तरी जागा पाऊण किलोमीटरनं चुकते. 10 फेब्रुवारी 2009 रोजी इरिडियम 33 हा चालू उपग्रह आणि कॉसमॉस 2251 हा बंद पडलेला रशियन उपग्रह सैबेरियाच्या वर एकमेकांवर आदळले. त्यातून माग काढण्याजोगे दोन हजारांहून जास्त तुकडे झाले. आपल्या चांद्रयान-3 चं उड्डाणही अशी टक्कर टाळण्यासाठी 4 सेकंद उशिरा झालं होतं. चार सेकंद! तुमची मुलगी ज्या फरकावर अडून बसते तो किती मोठा असू शकतो, ते यावरून लक्षात येईल.

पुढचा परिच्छेद तिलाच वाचायला द्या.

बाळ, ॲप जुन्या मोजमापांवरून पुढची वेळ काढतं. मोजमाप जितकं शिळं, तितका अंदाज घसरतो, कारण चारशे किलोमीटरवरसुद्धा हवेचा विरळ थर आहे आणि तो उपग्रहाला ओढत राहतो. सूर्य जास्त सक्रिय असला की हा थर फुगतो, ओढ वाढते. शिवाय आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाची कक्षा मधूनमधून इंजिन चालवून उंचावतात, मग जुना अंदाज बाजूलाच राहतो. वहीत दोन रकाने वाढव. एकात ॲपमधला कक्षेचा डेटा किती दिवसांचा आहे ते लिही. दुसऱ्यात तुझं घड्याळ जीपीएसच्या वेळेपेक्षा किती पुढं-मागं आहे ते लिही. फरक डेटाच्या वयाबरोबर वाढतो का, ते आलेख काढून बघ. पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकून या कक्षा स्वतः काढता येतात. त्यासाठीची साधनं फुकट आहेत.

आता नोकरी. असते, पण जागा मोजक्या, हे आधीच सांगतो. बंगळुरूला 2022 पासून इस्रोचं अवकाशातल्या सुरक्षेवर लक्ष ठेवणारं केंद्र आहे. इस्रोच्या नेत्रा या अवकाशातल्या वस्तूंचा माग काढण्याच्या प्रकल्पात रडारबरोबर लडाखमधल्या हान्ले इथं दुर्बीण उभारण्याची योजना आहे. दिगंतरासारख्या खासगी कंपन्याही याच कामात उतरल्यात. जवळच्या कक्षेतला बराचसा माग रडारनं काढतात, हेही तिला माहीत असू द्या. पण रडारच्या लहरी वस्तूपर्यंत जाऊन परत येतात, म्हणून अंतर दुप्पट झालं की परत मिळणारा सिग्नल सोळाव्या हिश्श्यावर येतो. दुर्बीण वस्तूवर पडलेला सूर्याचा उजेड वापरते, तो फक्त परतीच्या वाटेवर विरतो, म्हणून चौथ्या हिश्श्यावरच येतो. म्हणून 36 हजार किलोमीटरवरच्या दूरसंचार उपग्रहांच्या पट्ट्यात दुर्बिणीचा मोठा आधार असतो.

इंजिनिअरिंग की बीएस्सी? इस्रोच्या शास्त्रज्ञ-अभियंता भरतीत मुख्यतः मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटरचे पदवीधर घेतात, किमान 65 टक्के लागतात. त्या वाटेनं जायचं तर सांगलीचं वालचंद कॉलेज हाताशी आहे. जेईई ॲडव्हान्स्डचा अभ्यास झेपत असेल तर तिरुवनंतपुरमची आयआयएसटी ही अवकाश विज्ञानाची संस्थाही आहे. संशोधनाची ओढ असेल तर सांगलीच्याच विलिंग्डन कॉलेजला फिजिक्स घेऊन बीएस्सी, मग जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन एमएस्सी आणि पुढं पीएचडी. ही वाट लांब आहे, मधली काही वर्षं घराला धीर धरावा लागेल. पत्रावरून मला ती दुसऱ्या वाटेची वाटते. निकाल मात्र तिच्या गणितानं द्यायचा, माझ्या अंदाजानं नाही. एक गोष्ट ठामपणे सांगतो: नावात 'स्पेस' आहे म्हणून लाखांची फी मागणाऱ्या कोर्सला घालू नका. फिजिक्स, गणित आणि प्रोग्रॅमिंग पक्कं असलं तर इथली जागा हुकली तरी तिला दहा दारं उघडी राहतात.

दुर्बीण सध्या नको. झपाट्यानं जाणारी वस्तू हातानं फिरवायच्या दुर्बिणीत धरून ठेवणं फार अवघड. कोणाकडे लग्नाचे फोटो काढायचा जुना डीएसएलआर पडून असेल तर तो आणि भक्कम ट्रायपॉड, एवढ्यात रेघांचे फोटो येतात. घरात लॅपटॉप नसेल तर खर्च त्यावर करा.

आणि डोंगरावर रात्र काढायची काळजी सोडा. जवळच्या कक्षेतली वस्तू दिसायला खाली अंधार आणि वर ऊन लागतं. तो मेळ बहुतेक वेळा सूर्य मावळल्यानंतरच्या किंवा उगवण्याआधीच्या एक-दोन तासांतच जमतो. तिची गच्ची आणि दिवेलागणीची वेळ पुरेशी आहे. पुढं नोकरीतही मोठ्या दुर्बिणी बऱ्याचदा दुरून, कॉम्प्युटरवरूनच चालवतात. पावसाळ्यात आभाळ झाकलेलं असतं, ते चार महिने पायथॉनला द्यावेत.

तिच्या फिजिक्सच्या सरांना भेटून खगोलशास्त्र ऑलिंपियाडच्या पहिल्या परीक्षेची, एनएसईएची, चौकशी करा. ती साधारण नोव्हेंबरात असते, नावं त्याआधीच नोंदवावी लागतात. कॉलेजात केंद्र नसेल तर जवळचं केंद्र कुठलं, ते सरच सांगतील. जाताना वही बरोबर न्या.