सभेत सगळं पटतं, घरी आल्यावर मुद्दा आठवत नाही. राजकीय भाषणात नेमकं काय घडतं?

तुम्ही लिहिलंय की सभेत बसल्यावर नेत्याचं एकेक वाक्य पटत जातं, हात आपोआप टाळीला जातात. आणि घरी कुणी 'काय बोलले?' म्हणून विचारलं तर दोन मुद्देही धड सांगता येत नाहीत. मग पटलं ते काय, असा तुमचा प्रश्न आहे.

मी एका दैनिकासाठी बरीच वर्षं सभांच्या बातम्या केल्या. मंचासमोर बसून भाषण उतरवून घेताना एक कान वक्त्याकडे आणि एक डोळा गर्दीकडे ठेवावा लागतो. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय. पटवणारा वक्ता लोकांच्या डोक्यात नवं काही भरायला जात नाही. त्यांच्या मनात आधीपासून घोळणारी, पण कुठेतरी अडलेली गोष्ट तो मोकळी करतो आणि शेवटचं पाऊल त्यांच्यावर सोडतो. जी गोष्ट आपण स्वतः पुरी केली, ती कुणी आपल्या गळी उतरवली असं वाटतच नाही. म्हणून मुद्दा आठवत नाही, पण पटल्याची भावना टिकते.

साताऱ्याची सभा घ्या. 18 ऑक्टोबर 2019, प्रचार संपायला एक दिवस उरलेला, आणि 78 वर्षांचे शरद पवार भर पावसात छत्रीविना बोलत उभे. तो फोटो महाराष्ट्रभर फिरला. माझ्या मते पावसापेक्षा त्या भाषणातलं एक विधान मोठं होतं.

आधी अडचण काय होती ते बघा. शिवाजी महाराजांचे वंशज उदयनराजे भोसले त्याच वर्षी राष्ट्रवादीच्या तिकिटावर साताऱ्यातून लोकसभेला निवडून आले होते. काही महिन्यांतच राजीनामा देऊन ते भाजपमध्ये गेले आणि पोटनिवडणूक लागली. राष्ट्रवादीनं श्रीनिवास पाटलांना उभं केलं. आता साताऱ्यात उभं राहून छत्रपतींच्या गादीवर तोंडसुख घेणं कुणालाही परवडणारं नाही. शिवाय समोर बसलेल्यांपैकी अनेकांनी त्याच उमेदवाराला मत दिलेलं. 'तुमचं चुकलं' असं ऐकायला सभेला कोण येतं?

पवार म्हणाले, चूक माणसाकडून होते. लोकसभेचा उमेदवार निवडताना ती माझ्याकडून झाली, हे मी जाहीर कबूल करतो. आणि ती दुरुस्त करायला सातारकर 21 तारखेची वाट बघतायत.

यात उमेदवाराला एकही अपशब्द नाही, गादीचा उल्लेख नाही. चुकीचं सगळं ओझं वक्त्यानं स्वतःच्या अंगावर घेतलंय, त्यामुळे मतदाराला खाली बघावं लागत नाही. कालपर्यंत ज्याला मत दिलं त्याच्या विरोधात आज बटण दाबणं म्हणजे स्वतःशीच भांडण. ते भांडण या विधानानं मिटवून टाकलं. वर मतदाराच्या हाती एक काम दिलं, तेही तारखेसकट. त्याच भाषणात पावसालाही त्यांनी आपल्या बाजूला ओढलं: वरुणराजानं आशीर्वाद दिलाय, आता चमत्कार होणार. भिजत बसलेल्या माणसाला आपलं भिजणंसुद्धा कामी आलं असं वाटलं असणार. श्रीनिवास पाटील सुमारे 87 हजार मतांनी निवडून आले. एका भाषणानं निवडणूक फिरली असं मी म्हणणार नाही, पक्षांतराचा राग आधीच धुमसत होता. पण त्या रागाला मतपेटीपर्यंत जायची वाट त्या विधानानं दाखवली, असं मला ठामपणे वाटतं.

त्याच वर्षी लोकसभेच्या प्रचारात राज ठाकरेंच्या 'लाव रे तो व्हिडिओ'नं मैदानं गाजवली. सरकारची जुनी आश्वासनं पडद्यावर दाखवायची आणि लगेच पुढची क्लिप लावून ती खोडायची. मांडणी म्हणून जबरदस्त. पुरावा डोळ्यांसमोर, निष्कर्ष गर्दीनं काढायचा. लहान पोरांच्या तोंडीही ते वाक्य बसलं. तरीही महाराष्ट्रातल्या 48 पैकी 41 जागा भाजप-शिवसेना युतीला मिळाल्या. मनसेचा स्वतःचा एकही उमेदवार नव्हता. लोकांनी ऐकलं, हसले, टाळ्या दिल्या आणि त्यांचं काम मैदानातच संपलं. साताऱ्यात टाळी वाजवणाऱ्याला पुढे काय करायचं ते माहीत होतं.

घोषणांचं थोडं वेगळं आहे. 1971 साली विरोधकांनी 'इंदिरा हटाओ' म्हटलं. इंदिरा गांधींनी सभासभांतून उत्तर दिलं: ते म्हणतात इंदिरा हटाओ, मी म्हणते गरिबी हटाओ. क्रियापद विरोधकांचंच, फक्त हटवायची गोष्ट बदलली, आणि विरोधक आपसूक गरिबीच्या बाजूला जाऊन उभे राहिले. गरिबी कशी हटणार, हा प्रश्न त्या जोडीत बसतच नाही, म्हणून तो कुणाला सुचत नाही. काँग्रेसला 352 जागा मिळाल्या.

याची काळी बाजू मुंबईनं पाहिली आहे. साठच्या दशकात मराठी तरुणांना नोकऱ्या मिळत नव्हत्या, ही तक्रार खरी होती. तिची कारणं मात्र गुंतागुंतीची, मैदानात सांगून न संपणारी. त्याऐवजी शिवसेनेचं 'बजाव पुंगी, हटाव लुंगी' आलं. यमक जुळलं की कान खूश होतो आणि मन पुरावा मागायचं विसरतं. शेजारचा दाक्षिणात्य कारकून आणि उडपी हॉटेलवाला गुन्हेगार ठरला. हे मी तटस्थपणे लिहू शकत नाही. माणसांचं दुःख खरं असतानाच त्याला खोटा पत्ता देणं सगळ्यात सोपं असतं, आणि त्याची किंमत ज्यांनी मोजली त्यांचा त्यात काही दोष नव्हता.

तुमच्या प्रश्नाखाली कुणीतरी म्हटलंय की मग वक्तृत्व म्हणजे फसवणूकच. ते मला अजिबात मान्य नाही. 25 नोव्हेंबर 1949 चं संविधान सभेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं भाषण काढून वाचा. दुसऱ्या दिवशी संविधान स्वीकारलं जाणार होतं. कौतुकाचा, अभिनंदनाचा प्रसंग. बाबासाहेबांनी श्रेय संविधान सभेचे सल्लागार बी. एन. राव आणि मसुदा लिहिणारे अधिकारी एस. एन. मुखर्जी यांना वाटून दिलं. मग स्वातंत्र्य टिकेल का, इतिहासाची पुनरावृत्ती होईल का, हे प्रश्न सभागृहापुढे ठेवले, आणि दाखले दिले: सिंधच्या दाहिर राजाचे लाच घेणारे सरदार, जयचंद, शिवाजी महाराज लढत असताना मोगलांच्या बाजूनं लढणारे मराठे सरदार. एकामागून एक, प्रत्येक वेळी घरभेदी. उत्तर ते स्वतः देत नाहीत. तिसऱ्या दाखल्यापर्यंत ऐकणाऱ्याचं मन ते देऊन मोकळं होतं.

टाळी मिळवायची सगळ्यात जुनी युक्तीसुद्धा त्या भाषणात आहे. एका लयीत तीन गोष्टी म्हणायच्या, तिसरीवर थांबायचं. गर्दीला टाळीची जागा आपोआप कळते. आयरिश नेते डॅनियल ओकॉनेल यांचं वचन बाबासाहेब सांगतात: स्वाभिमान गमावून पुरुषानं, शील गमावून स्त्रीनं आणि स्वातंत्र्य गमावून राष्ट्रानं कुणाचं कृतज्ञ राहू नये. आणि हे कशासाठी? राजकारणातली भक्ती, विभूतिपूजा ही अधोगतीचा आणि शेवटी हुकूमशाहीचा रस्ता आहे, हे पटवण्यासाठी. लय तीच, तीनची जोडणी तीच. पण इथे ती ऐकणाऱ्याला नेत्यापासून दोन पावलं लांब उभं राहायला शिकवते, त्यात खुद्द बोलणारे बाबासाहेबही आले.

म्हणून पुढच्या वेळी सभेत टाळी वाजवलीत की भाषणाचा शेवट मनात पुन्हा म्हणून बघा: वक्त्यानं वाक्य कुठे सोडलं आणि आपण ते कशानं पुरं केलं? दाखल्यानं, रागानं की यमकानं? आणि दुसऱ्या दिवशी छापून आलेलं भाषण मोठ्यानं वाचा, टाळ्या आणि घोषणा वगळून. मी बातमी लिहायला बसायचो तेव्हा हेच करायचो. मैदान दणाणून सोडलेली काही भाषणं कागदावर चार ओळींत संपायची. बाबासाहेबांचं ते भाषण मात्र मी आजवर जितक्या वेळा वाचलंय, तितक्या वेळा त्यातलं काहीतरी नव्यानं पटलंय.