कात्री कुठे लागलीय ते आधी बघ

नाशिक, रविवार रात्र

भाचीबाई,

गेमिंग लॅपटॉपच्या जाहिरातींचे तुझे तीन स्क्रीनशॉट मिळाले. खाली लिहिलंयस, "मामा पटकन सांग, ऑफर बारापर्यंतच आहे." बारा वाजून गेले आणि मी मुद्दाम उत्तर दिलं नाही. असली ऑफर पंधरा दिवसांनी दुसरं नाव लावून परत येते. दाजींनी यंदाच्या द्राक्षातून ७०,००० बाजूला काढलेत. फवारण्या, मजुरी, घडांना गुंडाळायचा कागद, सगळं वजा जाऊन काय उरतं ते तू घरात बघतेसच. ते पैसे रात्री बाराच्या घाईत घालवायचे नाहीत. म्हणून दुकानाचं शटर ओढून आत बसलोय आणि लिहितोय. व्हॉइस नोट पाठवली तर तू ती दीडपट स्पीडने ऐकतेस.

गेमिंगचाच कशाला हवा, हे मी विचारणार नाही. ते ताई विचारेल. तिला सांग की कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला पुढे मशीन लर्निंग येतं आणि एनव्हिडिया कंपनीचं ग्राफिक्स कार्ड असलं की क्युडावर, म्हणजे त्या कार्डाकडून गणितं करून घेणाऱ्या त्यांच्या सॉफ्टवेअरवर, घरच्या घरी काहीतरी करून बघता येतं. हे खरंही आहे. रात्री तू व्हॅलोरंट खेळणार, हेही खरंच आहे.

आता मुद्द्याचं. या किमतीच्या गेमिंग लॅपटॉपमध्ये कंपनीला दोन गोष्टी साधायच्या असतात: जाहिरातीत ग्राफिक्स कार्डाचं नाव ठळक दिसलं पाहिजे आणि किंमत ठरलेल्या आकड्याच्या आत बसली पाहिजे. मग बाकी सगळीकडे कात्री लागते. डिस्प्लेला, पंख्यांना, बॅटरीला, हिंजला म्हणजे स्क्रीनच्या बिजागरीला. कात्री न लागलेला लॅपटॉप सत्तर हजारात मिळत नाही, तो शोधत बसू नकोस. काय कापलंय आणि ते नंतर भरून काढता येतं का, एवढंच बघ. एसएसडी, म्हणजे फाइली आणि गेम साठवायची जागा, कमी असेल तर मी दहा मिनिटांत मोठी टाकून देतो. ग्राफिक्सची चिप मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते. ती, तिला मिळणारे वॉट आणि तिला थंड ठेवणारे तांब्याचे पाइप आज घेशील ते शेवटपर्यंत तेच.

वॉटचं नीट समजून घे, कारण तुझ्या तिन्ही स्क्रीनशॉटमध्ये नेमकं तेच लिहिलेलं नाही. आरटीएक्स ४०५० हे लॅपटॉपचं कार्ड एनव्हिडियाने ३५ पासून ११५ वॉटपर्यंत चालवायची मुभा दिली आहे. नाव तेच, स्टिकर तोच. आरटीएक्स ३०५० चंही तसंच, ३५ ते ८०. तुमच्या विहिरीवर पाच एचपीची मोटर आहे, पण लाइनला व्होल्टेज नसलं की ती पाणी कशी काढते, ते तू पाहिलंयस. त्यामुळे कमी वॉटचं ४०५० आणि भरपूर वॉटचं ४०५० यांत एवढा फरक पडतो की नुसतं नाव वाचून उपयोग नाही. कंपनीच्या वेबसाइटवर त्या मॉडेलच्या पूर्ण स्पेसिफिकेशनमध्ये 'टीजीपी' शोध, म्हणजे कार्डाला मिळणारे वॉट. तिथेही लपवलं असेल तर चार्जर किती वॉटचा दिलाय ते बघ. प्रोसेसरच जोरात चालताना पन्नासेक वॉट सहज खातो, तेव्हा १२०-१३५ वॉटच्या चार्जरवर ते कार्ड पोट भरून जेवणार नाही, हे उघड आहे.

कार्डाची स्वतःची मेमरीही बघ. ४ जीबीचं कार्ड आता घेऊ नकोस. नव्या गेमचे टेक्स्चर, म्हणजे भिंती-कपड्यांवर चढवलेली चित्रं, त्यात मावत नाहीत आणि ही मेमरी वाढवता येत नाही. तुझ्या तिसऱ्या स्क्रीनशॉटमधलं २०५० चार जीबीचंच आहे. लॅपटॉप दिसायला सगळ्यांत देखणा, बारीक, पांढरा. तो आधी बाद कर.

डिस्प्लेबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण तिथे मी स्वतः पोळलोय. करोनानंतरच्या पहिल्या लग्नसराईत एका फोटोग्राफर मित्राच्या अल्बमची कामं मी रात्री घ्यायचो आणि त्यासाठी एक गेमिंग लॅपटॉप घेतला होता. कार्ड चांगलं, रॅम भरपूर. डिस्प्लेपुढे '४५ टक्के एनटीएससी' असं रंगांचं माप बारीक लिहिलं होतं आणि लॅपटॉप दुरुस्त करणारा मी, ते वाचून पुढे गेलो. म्हणजे काय, तर वेबसाइट आणि फोटो ज्या एसआरजीबी रंगांत बनतात, त्यातले साधारण ६० ते ६५ टक्केच रंग तो डिस्प्ले दाखवू शकतो. बाकीचे धुतल्यासारखे दिसतात. मला हळदीचे फोटो फिके दिसले, मी पिवळा चढवत गेलो. अल्बम छापून आला तेव्हा नवरीच्या गालावर हळदीऐवजी शेंदूर फासल्यासारखा दिसत होता आणि हिरव्या पैठणीकडे तर बघवत नव्हतं. अल्बम माझ्या खर्चाने परत छापला. नवरीच्या आईने तोंडावर काही म्हटलं नाही, मांडवात मात्र सगळ्यांना सांगितलं असणार.

तू अल्बम करणार नाहीस. पण दिवसातले सात-आठ तास त्याच काचेकडे बघणार आहेस आणि गेम त्यातले दीड-दोन तास. '१४४ हर्ट्झ' वाचून खूश होऊ नकोस. तो आकडा स्क्रीन सेकंदाला किती वेळा बदलते ते सांगतो, रंगांबद्दल एक अक्षर बोलत नाही. 'शंभर टक्के एसआरजीबी' असं लिहिलेलं हवं आणि उजेड ३०० निट्सच्या आसपास. २५० वाल्यावर खिडकीशेजारी बसलीस तर कोडपेक्षा तुझाच चेहरा जास्त दिसेल.

आता उन्हाळा. यूट्यूबवर जी पोरं टेस्टिंग करून दाखवतात ती एसी लावलेल्या खोलीत बसलेली असतात. तुझी होस्टेलची खोली आडगावला, वरच्या मजल्यावर, मे महिन्यात. खोली जितकी जास्त तापलेली, साधारण तितकीच आतली चिपही जास्त तापते. प्रोसेसर ९५-१०० अंशाला पोचला की तो स्वतःला वाचवायला वेग कमी करतो आणि तू म्हणतेस, "मामा, लॅग होतंय." म्हणून एका पंख्याचं मॉडेल दिसलं तर पुढे जा. दोन पंखे हवेत, गरम हवा बाहेर टाकायला जाळ्या मोठ्या हव्यात.

परवाच तुझ्याच भागातला एक मुलगा लॅपटॉप घेऊन आला. वर्षभराचा, आपोआप बंद होतो म्हणे. खालचं झाकण काढलं. पंखा फिरत होता. पण पंखा आणि तांब्याच्या पत्र्या यांच्या मधे धुळीचा थर बसला होता, गोधडीच्या चिंधीसारखा. चिमट्याने धरला तर अख्खाच्या अख्खा निघाला, त्यात केस, गादीचा कापूस आणि बिस्किटाचा एक तुकडा. मी विचारलं, खेळतोस कुठे? म्हणाला, गादीवर. हवा खालून आत येते, गादीने ती वाट बंद होते आणि कापूस आत ओढला जातो. तू टेबलावरच ठेव, मागच्या बाजूला दोन जाडजूड वह्या सरकव. स्टँड-कूलरवर पैसे घालवू नकोस.

प्रोसेसरचं थोडक्यात, पण एक गोम आहे आणि ती तुझ्या पहिल्याच स्क्रीनशॉटमध्ये आहे. रायझन ७ ७४३५एचएस. आठ कोअर, कामाला दणकट, मला काही वाईट वाटत नाही. पण त्याच्यात स्वतःचं ग्राफिक्स नाही. इतर लॅपटॉप साध्या कामाला प्रोसेसरमधलं छोटं ग्राफिक्स वापरतात आणि मोठं कार्ड झोपवून ठेवतात. याच्यात पीडीएफ उघडली तरी मोठं कार्ड जागं. बॅटरी त्यामानाने लवकर उतरते. लेक्चर हॉलमध्ये एकच प्लगपॉइंट आणि त्याच्याभोवती साठ पोरं असतील, तर या मॉडेलने तुझी पंचाईत होणार. कायम चार्जरला लावूनच बसणाऱ्याने ते बिनधास्त घ्यावं. आणि बॅटरीवर गेम खेळायचं तर कुठल्याच गेमिंग लॅपटॉपकडून धरू नकोस. कार्डाला लागते तेवढी वीज बॅटरी देऊच शकत नाही, त्यामुळे प्लग काढला की फ्रेम धाडकन खाली येतात.

चार्जरवरून आठवलं. काही मोठ्या चार्जरना जाड पिनांचा प्लग येतो, गिझर-फ्रिजला असतो तसला. होस्टेलच्या बोर्डात छोटेच सॉकेट असतील तर पहिल्या दिवशी तू तो हातात घेऊन उभी राहशील. वॉर्डनना आधीच विचारून ठेव. आणि काही झालं तरी तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा कन्व्हर्टर लावू नकोस. अर्थिंग तुटतं, मग लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या आल्यासारखं होतं. वजनही हातात घेऊन बघ. लॅपटॉप सव्वादोन किलोचा, वर चार्जर अर्ध्या-पाऊण किलोचा, आणि सिटीलिंकच्या बसमध्ये उभं राहून यायचं.

रॅमबद्दल मी दोन वर्षांपूर्वी वेगळं सांगितलं असतं. तेव्हा म्हणायचो, ८ जीबीचा घे, ८ मी टाकून देतो, दोन-तीन हजार वाचतील. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव असे चढलेत की ते गणित आता जमत नाही. मेमरी बनवणाऱ्या कंपन्या एआयच्या डेटा सेंटरला माल देण्यात गुंतल्यात आणि आपल्यासारख्यांना महाग पडतंय. तेव्हा १६ जीबी कंपनीकडूनच घे. एकच सोळाची काडी असेल तर गेममध्ये थोडा वेग कमी मिळतो, आठ-आठच्या दोन असल्या तर उत्तम. एसएसडी ५१२ चालेल. मोठा गेम एकेक शंभर जीबी खातो, तेव्हा ती भरणारच, पण दुसरी एसएसडी बसवायचा एम-डॉट-टू स्लॉट रिकामा असला की झालं. वेबकॅम भिकार असेल, स्पीकर पत्र्याचे वाटतील, बॉडी प्लास्टिकची असेल. असू दे.

प्लास्टिकमुळे एकच काळजी घ्यायची, हिंजची. स्क्रीनची हिंज ज्या पितळी नटांना आवळलेली असते, ते नट नुसते प्लास्टिकमध्ये बसवलेले असतात. एका कोपऱ्याला धरून रोज झटक्यात उघडलं की एक दिवस नट प्लास्टिकसकट उपटून येतो. दुकानात गेल्यावर झाकण मधोमध धरून एका बोटाने उघडून बघ. फार घट्ट लागलं तर ते मॉडेल मला आवडणार नाही.

मग तुझ्यासाठी काय? पहिला, म्हणजे ४०५० आणि ७४३५एचएस, डिस्प्ले ४५ टक्केवाला. दुसरा, ३०५० सहा जीबी, आय-५ १२४५०एच, डिस्प्ले शंभर टक्के एसआरजीबी. गेम खेळणारी पोरं हे वाचून मला वेड्यात काढतील, कारण ४०५० खरोखरच बरंच पुढचं कार्ड आहे. पण व्हॅलोरंट काय, दुसऱ्यावरही पळतं. या दोघांतलाच निवडायचा असेल तर मी तुला दुसरा घ्यायला सांगेन. चार वर्षं तुला डोळ्यांनी वापरायचाय आणि लेक्चरला न्यायचाय. नव्यातले नवे भारी गेम सगळी सेटिंग वर करून खेळायचेच असतील तर मात्र मला तसं स्पष्ट सांग, मग पहिल्याचा विचार करू, त्याचे वॉट कळल्यावर.

माझ्या मनातला मात्र या तिन्हींपेक्षा वेगळाच आहे. ४०५०, नव्वदच्या वर वॉट, चांगला डिस्प्ले, आत स्वतःचं ग्राफिक्स असलेला प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी. असा सेलमध्ये चार-पाच हजार वर जाऊन मिळाला तर वरचे मी घालतो, दाजींना सांगायची गरज नाही. कॉलेज सुरू व्हायला अजून अवकाश आहे, तोवर थांब. मागवताना शेवटची अक्षरंसुद्धा जुळवून बघ. एकाच नावाखाली दोन-तीन वेगवेगळे डिस्प्ले विकतात आणि फरक फक्त मॉडेल नंबरच्या शेपटीत असतो.

एम. जी. रोडला कोणी म्हणालं की बिल नको असेल तर कमी करतो, तर चहा पिऊन उठ. बिलाशिवाय वॉरंटीचं भांडण तू एकटी लढू शकणार नाहीस. वॉरंटी ऑनसाइट आहे का, म्हणजे माणूस तुझ्याकडे येऊन दुरुस्त करतो का, आणि बॅटरीला वेगळी मुदत आहे का, हे विचार. बॅटरीला बऱ्याचदा वर्षच असतं. ऑनलाइन मागवलास तर खोका उघडताना पहिल्यापासून व्हिडिओ काढ, सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटीची तारीख बघ. आल्याआल्या चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर लाव. गेमिंग लॅपटॉप सतत प्लगला असतो, बॅटरी शंभरला भरून तापत राहिली की लवकर फुगू शकते. फुगलेली बॅटरी मी टचपॅड वर आल्यावर ओळखतो, तोवर उशीर झालेला असतो.

पहिल्या दोघांचे पूर्ण मॉडेल नंबर उद्या पाठव. स्क्रीनशॉट नको, लिहून पाठव. तुझ्या स्क्रीनशॉटमध्ये नंबरच्या जागी बँक कार्डाच्या ऑफरची पट्टी आलीय. मंगळवारी दुकान बंद असतं, तेव्हा बसून बघतो. आणि ताईला म्हणावं, माझा डबा तुझ्याच खोलीवर राहिलाय.

तुझा,
मामा