मुंबईतल्या आमच्या पॉप-रॉक बँडला सुरुवातीचा रेट्रो ध्वनी पुन्हा हवा आहे. जुनी उपकरणे घ्यावी लागतील का?

नाही, केवळ जुनी उपकरणे विकत घेऊन तो ध्वनी परत मिळणार नाही, कारण तो बहुतांशी ध्वनिमुद्रणाच्या पद्धतीतून येतो. १९६०च्या दशकात ट्रॅक (एकाच यंत्रावर आवाज वेगवेगळे मुद्रित करण्याच्या पट्ट्या) मोजकेच असत (बीटल्सचा १९६७चा ‘सार्जंट पेपर्स’ हा अल्बमदेखील लंडनमध्ये चार ट्रॅकच्या यंत्रांवर झाला), त्यामुळे वादक बहुधा एकाच खोलीत एकत्र वाजवत, ड्रमसाठी मोजके माइक पुरत आणि गिटारचा आवाज ड्रमच्या माइकमध्येही थोडा झिरपत असे. आज प्रत्येक वाद्य वेगळे मुद्रित करून आणि ताल सॉफ्टवेअरमध्ये काटेकोर बसवून आपण हा झिरपलेला आवाज स्वतःच काढून टाकतो, आणि मग प्लगइन (आवाजावर परिणाम साधणारी जोड-सॉफ्टवेअर) लावून तो शोधत बसतो. वीझर या अमेरिकी बँडने २०१४च्या अल्बमसाठी जुन्या वळणाकडे परतताना १९९४च्या पहिल्या अल्बमचे निर्माते रिक ओकासेक यांनाच पुन्हा बोलावले, म्हणजे उपकरणांपेक्षा काम करण्याच्या पद्धतीकडे परतले, हेही लक्षात घ्यावे. अपवाद व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरचा (काचेच्या व्हॉल्व्हवर चालणाऱ्या, गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या जुन्या धाटणीच्या यंत्राचा): त्याचा खरखरीत गोडवा सॉफ्टवेअरमध्ये पूर्णपणे उतरत नाही, असे माझे मत आहे, मात्र तो आवाज वाढवल्यावरच येतो आणि मुंबईच्या इमारतीत शेजारी तो सहन करणार नाहीत, म्हणून पाच वॅटचा लहान ॲम्प घ्यावा किंवा तासाच्या भाड्याने सरावखोली घ्यावी. चुंबकीय टेपवर ध्वनिमुद्रण करण्याच्या नादी मात्र लागू नये. इथल्या दमट हवेत टेप लवकर खराब होते.