कणा देशाचा, पोर तुमचं

प्रश्न : मी गोकुळ शिरगावला एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, मोल्डिंगला आहे, वाळूचे साचे करतो. 19 वर्षं झाली, अजून ठेकेदाराच्याच हजेरीवर. 1 मेला शाळेत झेंडावंदनाला आलेल्या पाहुण्यांनी भाषण केलं, कामगार देशाचा कणा आहे, कारखाने उभे राहिले तर देश उभा राहतो. पोरानं ते डोक्यात घेतलं. आता दहावीला 71 टक्के पडलेत आणि म्हणतोय, आयटीआय करणार, मशिनवर काम करणार. मी म्हटलं, माझं गेलं तेवढं बास. मेहुणे म्हणतात, डिग्री केली नाही तर उद्या मुलगी कोण देणार? सर, कारखाना देशाला एवढा मोठा, मग त्यातला माणूस असा का? पोराला काय सांगू?
– एक पालक, करवीर तालुका

उत्तर :

नमस्कार भाऊ,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पाहुणे खोटं बोलले नाहीत, पण अर्धंच बोलले. उरलेलं अर्धं तुम्ही 19 वर्षं रोज घरी घेऊन येताय, कानात वाळू आणि खिशात हजेरीचा कागद. पोराला दोन्ही अर्धी सांगायला हवीत.

आधी पाहुण्यांचं अर्धं. मार्च 2020 आठवा. डॉक्टर-नर्सना अंगभर घालायचे पीपीई किट तोवर आपल्याकडे जवळजवळ बनतच नव्हते. पैसे देऊनही बाहेरून माल मिळेना, कारण ज्याच्याकडे होता त्यानं स्वतःसाठी ठेवला. पण तिरुपूर-बंगळूरूकडं कपडे शिवणारे कारखाने होते, मशिनी होत्या, आणि मुख्य म्हणजे त्या मशिनींवर बसणारी माणसं होती. दोनेक महिन्यांत रोज लाखांनी किट निघायला लागले. मशीन महिन्या-दोन महिन्यांत मागवता येतं. पंधरा वर्षं हात बसलेला माणूस कुठून मागवणार?

आणि हे तुमच्या भागाला नवं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली नांगराच्या कारखान्यासाठी किर्लोस्करवाडी वसवली. पुढं पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासं झालं, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर झाले. महाराजांचं नाव आपण घेतो, लक्ष्मणरावांचं घेतो. त्या तोफा फोडून भट्टीत घालणाऱ्यांची नावं कुठं आहेत? तुमच्या ‘असा का’ची सुरुवात तिथूनच होते.

आता तुमचं अर्धं. सरकारनं 2011 च्या धोरणात ठरवलं होतं, 2022 पर्यंत देशाच्या उत्पन्नात कारखानदारीचा वाटा 25 टक्क्यांवर न्यायचा. 2014 ला ‘मेक इन इंडिया’ आलं तेव्हाही आकडा तोच. वाटा मात्र 16-17 टक्क्यांच्या आसपासच घुटमळतोय. त्यातही कारखान्यांतल्या दहा कामगारांमागं साधारण चार जण ठेकेदारामार्फत येतात. कणा म्हणायचं आणि हजेरी महिन्या-महिन्याची लावायची, असा हा हिशोब आहे. देशाला गरज आहे म्हणून कामगाराचा भाव वाढेल, असं समजू नका. जानेवारी 1982 मध्ये मुंबईच्या गिरण्यांचे सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्या गिरण्यांनी मुंबई उभी केली होती. पुढं गिरण्या बंद पडल्या, जागांवर टॉवर आले, आणि लूमवरचा माणूस वॉचमन झाला.

म्हणून मी कुठल्याही मुलाला ‘देशासाठी कारखान्यात जा’ असं सांगत नाही. देशाचं खातं वेगळं, घराचं खातं वेगळं. घराच्या खात्यात एकच प्रश्न विचारायचा : पाच वर्षांनी पोराच्या हातात असं काय असेल, जे ठेकेदाराला उद्या दुसऱ्याकडून करून घेता येणार नाही?

मागं शिरोलीच्या एका वर्कशॉपमध्ये गेलो होतो, तिथलं सांगतो. सीएनसीवर, म्हणजे संगणकानं चालणाऱ्या मशिनवर, विशीतला एक मुलगा होता. जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, मशिनच्या पकडीत लावायचा, दार ओढायचं, हिरवं बटण दाबायचं. मिनिटभरात दार उघडायचं, हवा मारायची, मापाचं गेज घालून बघायचं, ट्रेमध्ये ठेवायचं. शिफ्टभर हेच. मध्येच गेज बोअरमध्ये, म्हणजे जॉबच्या भोकात, जाईना. मुलानं मशीन थांबवलं आणि हाक मारली, “मामा!” पन्नाशीचे सेटर, म्हणजे मशीन लावून देणारे, आले. त्यांनी जॉब हातात घेतला, बोअरमध्ये बोट फिरवलं आणि म्हणाले, “इन्सर्ट झिजलाय.” इन्सर्ट म्हणजे कापणारी पात. तिची धार झिजली की बोअर बारीक यायला लागतो, हे त्यांना गेजच्या आधी बोटानं कळलं. इन्सर्टचा कोपरा फिरवला, पडद्यावर टूलच्या ऑफसेटमध्ये, म्हणजे टूल किती सरकवायचं त्यात, आकडा बदलला, एक जॉब काढून मोजला, पुन्हा थोडा बदलला. सगळा खेळ दहा-वीस मायक्रॉनचा. आपला केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो म्हणजे बघा.

मशीन एक, छप्पर एक. मुलाच्या जागी दुसऱ्या दिवशी दुसरा मुलगा उभा करता येतो. मामा दोन दिवस पुतणीच्या लग्नाला गेले होते, तर मालक स्वतः येऊन बसला होता.

तुमच्या पोराला मशिनवर जायचंय ना, तर मामांच्या वाटेनं पाठवा. आयटीआयच्या अर्जात आधी टूल अँड डाय मेकर, मग मशिनिस्ट, मग टर्नर असे ट्रेड टाका. तिन्ही दोन-दोन वर्षांचे आहेत. डाय आणि मोल्ड, म्हणजे माल घडवायचे धातूचे साचे, बनवणारा माणूस ती साधनं तयार होतात त्या टूलरूममध्ये लागतो, लाइनवर नाही, आणि टूलरूमचा माणूस मालक सहसा सोडत नाही. 71 टक्के आहेत, तर संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमचीही चौकशी करा. ती केंद्र सरकारची संस्था आहे, दहावीनंतर टूल अँड डाय मेकिंगचा चार वर्षांचा डिप्लोमा आहे, प्रवेश परीक्षा असते. घरापासून लांब पडेल, पण माझ्या मते जमत असेल तर पहिली पसंती तीच.

मेहुण्यांना सांगा, डिग्रीचं दार बंद होत नाही. दोन वर्षांचा आयटीआय झालेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, आणि डिप्लोमानंतर इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. या वाटेनं आलेला मुलगा ड्रॉइंग बघून ‘हे मशिनवर होणार नाही’ असं सांगू शकतो. सरळ डिग्रीला गेलेल्या पुष्कळांना ते जमत नाही, हे मालक मंडळी माझ्यापाशी कुरकुरत असतात. मुलगी कोण देणार, याचं उत्तर माझ्याकडं नाही. टूलरूमच्या पगाराची स्लिप बघून काही सासरे नरम पडलेले मात्र पाहिलेत.

एका ठिकाणी सावध राहा. आयटीआयनंतर अप्रेंटिसशिप येते, ती अप्रेंटिस कायद्याखाली नोंदवलेलीच असावी. ‘ट्रेनी’ म्हणून कार्ड गळ्यात घालायचं आणि वर्षभर बटणच दाबायला लावायचं, असेही प्रकार चालतात. मी स्वतः एका मुलाला नावाजलेली कंपनी बघून असा पाठवला होता. वर्षानंतर त्याला विचारलं, मायक्रोमीटरवर बारीक माप वाचता येतं का? मान खाली घालून नाही म्हणाला. नाव बघितलं, काम काय देणार ते विचारलंच नाही, ती चूक माझी. तुम्ही विचारा : वर्षात किती मशिनींवर बसवणार, सेटिंग शिकवणार का, ड्रॉइंग वाचायला कोण बसवणार? उत्तर देताना समोरचा अडखळला, तर पुढच्या गेटवर जा.

पोराला एकदा तुमच्या फाउंड्रीतही न्या. ओतकाम चालू असताना नव्हे, दुसऱ्या दिवशी, साचा फोडून कास्टिंग, म्हणजे ओतलेला भाग, काढताना. एखाद्या कास्टिंगला ब्लोहोल, म्हणजे वायूनं पडलेलं भोक, निघालं की वाळूत ओल किती होती हे तुम्ही सांगता, ते त्याला ऐकू दे. तुम्हाला ते कसब वाटत नसेल, कारण त्याचे पैसे तुम्हाला कुणी वेगळे दिले नाहीत.

आणि एक तुमच्यासाठी. 19 वर्षं वाळूत आहात. वाळूतल्या सिलिकाच्या धुळीनं होणारा सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार कायद्यातल्या कामाच्या आजारांच्या यादीत आहे. ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड असेल तर या महिन्यात छातीचा एक्स-रे काढून घ्या, आणि डॉक्टरांना सांगा, मोल्डिंगला आहे. नुसतं ‘खोकला येतो’ असं सांगू नका.