किनाऱ्यावरच्या लाईव्ह म्युझिकला विरोध केला तर गावाचं पर्यटन बुडतं का?

नाही बुडत. तुम्ही लिहिलंय की किनाऱ्याला लागून एका रिसॉर्टवाल्याने उघड्यावर बँड सुरू केलाय, शनिवार-रविवारी रात्री उशिरापर्यंत चालतो, आणि तक्रारीचं नाव काढलं की शेजारीच ‘पर्यटन बुडवायला निघालात’ म्हणतात. हेच वाक्य मला भर ग्रामसभेत ऐकवलं गेलंय, म्हणून लिहायला बसले.

आमचं घर मालवण तालुक्यात, पुढे समुद्र आणि मागे खाडी. न्याहारी-निवास योजनेत खोल्या देतो. पर्यटनावरच आमची चूल पेटते. शेजारची माडांची वाडी माझ्या चुलत दिरांनी बाहेरच्या माणसाला भाड्याने दिली आणि तिथे स्टेज उभं राहिलं. आधी सगळ्यांना बरंच वाटलं. मग मोठे स्पीकर आले. आवाज कानाला लागतो ते एक वेळ सोसता येतं, पण तो खालचा बेस भिंतीतून आत येतो. मांडणीवरच्या ताटल्या एकमेकींना लागून किणकिणायच्या. सासरे पडवीत झोपायचे, त्यांना आतल्या खोलीत हलवलं, तरी उपयोग शून्य.

एकदा पुण्याचं कुटुंब उतरलं होतं, लहान बाळ घेऊन. रात्रभर ती आई बाळाला खांद्यावर टाकून अंगणात फिरत होती. उजाडल्याबरोबर सामान गाडीत. आंबोळ्यांचं पीठ रात्रीच फुगून आलेलं, ते तसंच राहिलं. जाताना एवढंच म्हणाली, ‘काकू, आम्ही शांततेसाठी आलो होतो.’ पर्यटन बुडतं म्हणणाऱ्यांनी याचा हिशोब करावा.

ग्रामसभेत मी उठून बोलले तर दीर म्हणाले, ‘वहिनी, जत्रेक रातभर दशावतार चलता, तेव्हा तुमची झोप मोडणा नाय?’ सगळे हसले. मला तो घाव अजून आहे, कारण माझे वडील दशावतारी कंपनीत पखवाजी होते. दिवाळी झाली की बाहेर पडायचे, आज या गावची जत्रा, उद्या त्या गावची, ते पावसाच्या तोंडाला घरी. खेळ सुरू व्हायच्या आधी पखवाजाच्या डाव्या पुडीला ओली कणीक लावताना मी त्यांना पाहिलंय. थोडी लावायचे, थाप मारून ऐकायचे, बोटाने काढायचे, पुन्हा लावायचे. तो आवाज देवळाच्या आवारातल्या शेवटच्या माणसापर्यंत जायचा, आणि तेव्हा माईक नव्हता. जत्रा गावाची असते आणि वर्षातून एकदा येते. त्या रात्री घरी झोपायला कोणी थांबतच नाही, म्हाताऱ्यासुद्धा चटई घेऊन देवळात. तिची तुलना दर शनिवारच्या धंद्याशी? भावोजींनी तोंड बंद करायला ती काढली होती. तुमच्याकडेही कोणीतरी काढणारच: जत्रा, शिमगा, भजनाची डबलबारी, काहीतरी. हसून घेऊ नका, तिथल्या तिथे उत्तर द्या.

आता कायदा काय म्हणतो ते. ध्वनिप्रदूषण नियम 2000 सालचे आहेत. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाऊडस्पीकर काय, वाद्यसुद्धा वाजवता येत नाही. बंद सभागृहाला सूट आहे, पण चुडतांचं, म्हणजे माडाच्या झावळ्यांचं, छप्पर आणि चारी बाजू मोकळ्या, हे बंद सभागृह होत नाही. आमच्याकडे नेमकी हीच पळवाट सांगितली गेली. सण-उत्सवांसाठी सरकार वर्षाला जास्तीत जास्त 15 दिवस रात्री 12 पर्यंत सवलत देऊ शकतं. शनिवार हा काही सण नव्हे. आणि दिवसासुद्धा स्पीकरला लेखी परवानगी लागते. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला म्हणजे ती परवानगी नव्हे; खरी लेखी परवानगी दाखवा म्हणून मागा.

निवासी भागाची मर्यादा दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. पण दहानंतरच्या तक्रारीत डेसिबलवर वाद घालत बसू नका. दहानंतर उघड्यावर स्पीकर चालू आहे, एवढंच पुरे. पोलिसांना 112 ला फोन करा, त्याच वेळी करा, आणि दुसऱ्या दिवशी तारीख-वेळ घालून पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. मोबाईलवरच्या मीटरचा आकडा पुरावा म्हणून टिकेलच असं नाही, पण वहीत लिहून ठेवा.

मालक म्हणेल, ‘स्पीकर समुद्राकडे फिरवतो.’ भुलू नका. वरचा आवाज कमी होईल, बेस सगळीकडेच पसरतो. शिवाय संध्याकाळी वारा समुद्राकडून येतो, तो आवाज वाडीत घेऊन येतो. रात्री वारा पडला की जमिनीलगतची हवा गार होते आणि वर जाणारा आवाज वाकून पुन्हा खाली येतो, म्हणून लांबच्या घरांनाही तो शेजारी वाजल्यासारखा ऐकू येतो. बेसचे खोके काढायला लावा आणि दहाला बंद, या दोनच गोष्टींवर अडून बसा.

एकट्याने जाऊ नका हेही सांगते. मी एकटी बोलले म्हणून हसले. नंतर आजूबाजूच्या घरांनी, त्यात खोल्या देणारेच जास्त, सह्या करून अर्ज दिला तेव्हा पोलीस ठाण्याच्या साहेबांनी मालकाला बोलावून घेतलं. आता बँड दहाला थांबतो. मे महिन्यात अधूनमधून घसरतो, तेव्हा पुन्हा फोन करावा लागतो.

आणि गाणाऱ्या पोरांशी भांडू नका. आमच्याकडे गिटार वाजवायला येणारा मुलगा कुडाळचा आहे, त्याचं पोट त्यावर आहे. संध्याकाळी सात ते दहा, बेताच्या आवाजात त्याने खुशाल वाजवावं, आमचे पाहुणेसुद्धा ऐकायला जातात.

कायदा काटेकोर लावायचा तर जत्रेतला माईकही त्यात येतो, हे मला ठाऊक आहे. भावोजी, तुम्ही वाचत असाल तर ऐका: जत्रेतला माईक बंद करायला मी तयार आहे. माझ्या वडलांना तो कधी लागलाच नाही. तुमच्या भाडेकरूला स्पीकरशिवाय वाजवायला सांगा, मग दोघांची तुलना पुढच्या ग्रामसभेत करू.