जोडण्या दोन, वाट एकच

प्रश्न : कोथरूडमध्ये आमचे हिशेबाच्या कामाचे छोटे कार्यालय असून लंडनमधील ग्राहकांचे काम आम्ही तेथील सर्व्हरवर करतो. खबरदारी म्हणून दोन वेगवेगळ्या कंपन्यांकडून इंटरनेट घेतले आहे. तरीही सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रातील केबल तुटल्या तेव्हा दोन्ही जोडण्या एकदमच रखडल्या. एरवी दीडशे मिलिसेकंदांत येणारा प्रतिसाद तीनशेच्या वर गेला. असे का झाले? देशाने आणखी केबल टाकल्यास हे टळेल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : पुणेकरांना हे बोरघाटावरून चटकन उमगेल. मुंबईला जायला द्रुतगती मार्ग आणि जुना महामार्ग असे दोन रस्ते असले, तरी वर्षानुवर्षे ते घाटात काही अंतर एकत्रच चालत आले आणि तेथे एखादा ट्रक आडवा झाला की दोन्हींवरची वाहतूक खोळंबत असे. तुमच्या कंपन्यांची बिले वेगळी येतात, पण युरोपकडचा त्यांचा डेटा बहुधा मुंबईहून तांबडा समुद्र आणि इजिप्त याच वाटेने जातो. सौदी अरेबियातील जेद्दाजवळ तुटलेल्या सी-मी-वी-४ आणि आयमीवी या दोन्ही केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात. काम ठप्प न होता केवळ मंदावले, याचा अर्थ डेटाला लांबच्या वळशाने का होईना, दुसरी वाट मिळाली.

तेव्हा नुसती संख्या वाढवून भागणार नाही. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ दोन केबल तुटल्या, तेव्हाही भारताने हाच फटका खाल्ला होता. मुंबईतील बहुतेक केबल वर्सोव्याच्या किनाऱ्यावर उतरतात. नवी केबलही तेथेच उतरवून त्याच अरुंद समुद्रातून नेली, तर धोका तसाच राहतो. चेन्नईहून सिंगापूरकडे जाणारी पूर्वेची वाट आणि आफ्रिकेला वळसा घालणारी वाट यांची क्षमता वाढणे म्हणूनच अधिक मोलाचे आहे.

दुरुस्तीकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. जहाजाने समुद्रतळातून गळाने केबल वर ओढायची आणि केसाएवढे काचतंतू एकेक करून जोडायचे, असे हे काम आहे; जहाज परदेशातून येणार आणि परवानग्यांसाठी खोळंबणार असेल, तर आठवडे सहज जातात. उपग्रह आणीबाणीपुरता ठीक, पण केबलएवढा भार तो पेलणार नाही.

तुमच्यापुरते सांगायचे, तर दोन्ही कंपन्यांना युरोपकडील मार्ग लेखी विचारा आणि एक जोडणी पूर्वेच्या वाटेची क्षमता राखणाऱ्या कंपनीकडूनच घ्या.